चिनी भाषेतील संकेतार्थी वाक्यरचनेचा प्रवास

एक गोष्ट घडली तर दुसरी घडेल, असा संबंध सांगणाऱ्या संकेतार्थी वाक्यासाठी मराठीत ‘जर–तर’ ही अव्ययांची जोडी आहे, आणि जे घडलेच नाही त्याविषयी बोलताना ‘आला असता’ असे क्रियापदाचे रूपही बदलते. चिनी क्रियापद मात्र अशी रूपे घेत नाही, त्यामुळे अटीचे उपवाक्य आधी आणि परिणामाचे नंतर, या क्रमावरच तेथे मोठी भिस्त राहिली. आन्यांग येथे सापडलेल्या, इ. स. पू. 1200च्या सुमाराच्या अस्थिलेखांत, म्हणजे शकुन पाहण्यासाठी गुरांच्या हाडांवर आणि कासवांच्या कवचांवर कोरलेल्या मजकुरांत, असा संबंध पुष्कळदा कोणत्याही अव्ययाविना, दोन उपवाक्ये शेजारी ठेवून मांडलेला आढळतो.

अभिजात चिनीत जी अव्यये रुळली, त्यांतील काही मूळच्या क्रियापदांतून आली: ‘सारखे असणे’ या अर्थाचे ‘रु’, ‘करायला लावणे’ या अर्थाचे ‘श’. उत्तरार्धाच्या आरंभी ‘त्स’ हे ‘तर’चे काम करी. या सर्वांत ‘वेइ’ हे अव्यय विशेष मोलाचे आहे, कारण ‘अमुक नसता तर’ एवढ्याच अर्थासाठी ते नामाआधी येई. मंत्री ग्वान चुंग नसता तर लोकांनी परक्यांचा वेश स्वीकारला असता, असा विचार कन्फ्यूशियसच्या संवादसंग्रहात याच अव्ययाने व्यक्त झाला आहे. आजच्या चिनीत ‘रुग्वो’ किंवा बोलीतले ‘याओश’ पूर्वार्धात आणि ‘ज्यौ’ उत्तरार्धात येते, तथापि बोलताना पूर्वार्धातील अव्यय सहज गळते.

चिनी विद्वानाने पाश्चात्त्य पद्धतीने रचलेले पहिले व्याकरण, मा ज्येनचुंग यांचे, 1898मध्ये निघाले, आणि त्याचा साचा लॅटिनचा होता. पुढे 1940च्या दशकात वांग ली यांनी दाखवून दिले की अटीचे उपवाक्य मुख्य वाक्यानंतर ठेवण्याची आधुनिक लेखनातील रीत युरोपीय भाषांच्या प्रभावातून आली आहे. प्रभाव ओळखणे योग्यच होते. परंतु युरोपीय मापाने चिनी भाषेत उणीव शोधणे निराळे, आणि तेच 1981मध्ये घडले. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ब्लूम यांनी, चिनी भाषेत न घडलेल्या गोष्टीसाठी वेगळे व्याकरणिक रूप नसल्याने चिनी भाषकांना तसा विचार करणे अवघड जाते, असे प्रतिपादन केले. ‘वेइ’चा प्राचीन वापर पाहता हे प्रतिपादन चिनी विचारपरंपरेला लागू पडत नाही, शिवाय टेरी आउ यांनी 1983मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, न घडलेल्या गोष्टींविषयीची कथा सहज, अस्सल चिनीत लिहिल्यावर चिनी वाचकांना तिचा अर्थ लावण्यात अशी अडचण आली नाही.