चाप, घोडा आणि खिळी

1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. 1737 मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाणं जिंकलं. त्या काळात शिपायाच्या खांद्यावर बहुधा तोड्याची बंदूक असे.

तिची यंत्रणा अगदी साधी. लाकडी दस्त्याच्या खाचेत चाप, त्याला जोडलेला घोडा आणि दोघांना फिरू देणाऱ्या आडव्या खिळ्या. चाप ओढला की घोड्याच्या तोंडातला पेटता तोडा (जळती वात) रंजकावर, म्हणजे बार पेटवणाऱ्या दारूवर, टेकायचा. युरोपात घोडा सहसा नेमबाजाकडे झुके. हिंदुस्थानी बंदुकीत तो पुढे, नळीच्या दिशेने जाई. कोकणच्या पावसात तोडा विझला की सगळी करामत फुकट!

खिळी झिजली की घोडा डुलायचा, रंजक हुकायचं. मग नवी खिळी कानशीने घासून बसवायची. प्रत्येक बंदूक हातघडणीची, म्हणून एकीचा चाप दुसरीला सहसा चालत नसे.

पुढे चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या) बंदुकीत कमान आली आणि हे दुरुस्तीचं काम नाजूक झालं. 1774 च्या अखेरीस ठाणं इंग्रजांकडे गेलं. पुढे इंग्रजी राजवटीत 1878 च्या शस्त्र कायद्याने बंदुका बनवण्या-विकण्यावर परवान्याचं बंधन आणलं. 1959 च्या शस्त्र कायद्यात दुरुस्तीही परवान्याखाली आली. परवान्याविना बंदुकीचा चाप बदलून देणारा कारागीर आज गुन्हेगार ठरतो.