गावची राखण आणि वाट चुकलेली मुले

श्रोतेहो, 'घरफोडी' हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातला आहे. कुलूप तोडून चोरी झाली तरी आपण घरफोडीच म्हणतो. पण हा शब्द जन्माला आला तेव्हा तो अगदी अक्षरशः खरा होता. देशावरची जुनी घरे मातीच्या भिंतींची. दाराला आतून लाकडी अडसर, बाहेरून कडी-कोयंडा. चोर दाराच्या वाटेला फारसा जात नसे. तो मागच्या अंगाला जाई आणि पहारीने भिंतीला भोक पाडून आत शिरे. घर खरोखरच फोडले जाई, म्हणून ती घरफोडी.

आता 'कुलूप' हा शब्द पाहा. तो मूळचा आपला नव्हे. अरबीतला 'कुफ्ल' फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि कुलूप झाला. सामान्य शेतकऱ्याच्या घराला कुलूप क्वचितच असे. धान्य पेवात किंवा बळदात, चार दागिने असलेच तर गाडग्यात घालून जमिनीत पुरलेले. मग माणसे रात्री निश्चिंत झोपत ती कशाच्या भरवशावर?

ती झोपत गावाच्या भरवशावर. घराची राखण ही एकट्या घरधन्याची गोष्ट नव्हती. गावाला गावकूस असे, वेस असे, आणि रात्री फिरणारा जागल्या असे. पुणे-सातारा भागात हे काम बहुधा रामोशी करीत, काही ठिकाणी महार, भिल्ल किंवा कोळी करीत. त्याबद्दल त्यांना गावाकडून धान्याच्या रूपाने हक्क मिळत, कुठे थोडी इनाम जमीन मिळे.

पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ साली जिंकलेल्या मुलखाची हकीकत लिहून सरकारला सादर केली. तीत या जागल्याच्या कामाचे वर्णन आहे. रात्री पहारा करायचा, गावात कोण आले, कोण गेले यावर नजर ठेवायची, गावातल्या प्रत्येकाची चाल ओळखून असायचे. आणि चोरी झाली की खरी कसोटी लागे. जागल्या चोराच्या पावलांचा माग काढी. माग आपल्या शिवेपर्यंत नेऊन पुढच्या गावच्या हद्दीत गेल्याचे दाखवून दिले, की त्याची जबाबदारी संपे. मग पुढच्या गावच्या जागल्याने तो माग उचलायचा. माग जिथे अडला, तिथल्या जागल्याने चोरीची भरपाई आपल्या ऐपतीप्रमाणे करायची, आणि उरलेला बोजा साऱ्या गावावर बसायचा.

जरा विचार करा, बरं का! एका घरची चोरी झाली तर तिचा तोटा गाव सोसणार. म्हणजे शेजाऱ्याच्या घराकडे लक्ष ठेवणे हा नुसता परोपकार नव्हता, त्यात प्रत्येकाचे हित अडकलेले होते. शेजारच्या गोठ्यात रात्री कुत्रे भुंकले तर उठून पाहावे लागे. ही त्या व्यवस्थेतली भली बाजू.

पण तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. राखणीचे काम जन्माने ठरत होते. ज्याच्या हाती गावाची राखण, त्याचेच घर गावकुसाबाहेर. मिळकत थोडी आणि जोखीम मोठी. शिवाय चोरी झाली की पहिला संशय पुष्कळदा राखणदारावरच येई. गावाने ज्याच्यावर विसंबून झोपायचे, त्याच्यावर विश्वास मात्र पुरता ठेवायचा नाही, असा हा प्रकार होता.

१८१८ नंतर नवा अंमल आला, किल्ल्यांवरच्या नोकऱ्या गेल्या, रामोश्यांचे जुने हक्क आखडले. त्या असंतोषातून पुरंदरच्या परिसरात उमाजी नाईक उभा राहिला. त्याने इंग्रजी सत्तेला काही वर्षे झुंजवले आणि १८३२ साली पुण्यात तो फासावर गेला. त्याच्या पाठलागावर असलेल्या कॅप्टन मॅकिंटॉश याने पुढल्याच वर्षी, १८३३ साली, रामोशी समाजावर इंग्रजीत एक पुस्तक लिहिले. कालचा राखणदार सरकारी कागदात आता 'बंडखोर' आणि 'लुटारू' या नावांनी येऊ लागला होता.

पुढची पायरी याहून वाईट. १८७१ साली सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आरंभी तो उत्तरेकडे लागू झाला, आणि १९११ च्या कायद्याने तो आपल्या मुंबई इलाख्यापर्यंत पोचला. या कायद्याने माणसाची कृती पाहण्याआधी त्याची जात पाहिली. अख्खीच्या अख्खी जमात गुन्हेगार म्हणून नोंदवायची, माणसांनी ठराविक वेळी हजेरी द्यायची, परवानगीवाचून गाव सोडायचे नाही. सोलापूरसारख्या ठिकाणी तर तारेच्या कुंपणात वसाहती झाल्या. त्या वसाहतींना लोक 'सेटलमेंट' म्हणत.

आणि मुलांचे काय झाले? शिक्षक मित्रांनो, इथे १८९७ हे साल ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या एकाच सालात तीन गोष्टी घडल्या.

पहिली अशी, की गुन्हेगार जमातींच्या कायद्यात दुरुस्ती झाली. चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधारवसाहतीत ठेवण्याची मुभा सरकारला मिळाली. चार वर्षांच्या पोराने काय चोरले होते? काही नाही. त्याचा गुन्हा एवढाच, की ते अमुक घरात जन्मले.

दुसरी गोष्ट, सुधारशाळांचा नवा कायदा झाला. गुन्हा शाबीत झालेला पंधरा वर्षांखालचा मुलगा तुरुंगात न पाठवता शाळेत पाठवावा, तिथे त्याला तीन ते सात वर्षे ठेवून धंदा शिकवावा, अशी त्यात सोय होती. मुंबईत असा प्रयत्न त्याआधीच सुरू झाला होता. डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा तिथे १८५७ पासून चालू होती. तेव्हा एकच सरकार, एकच साल, आणि मुलांसाठी मापे मात्र दोन! एका मुलाने चोरी केली तरी तो सुधारेल असे मानले गेले. दुसऱ्याने काहीच केले नाही, तरी तो पुढे चोरी करील असे गृहीत धरले गेले.

तिसरी गोष्ट निराळी आहे, पण विषयाला धरून आहे. त्याच १८९७ साली मुंबईत लालबागला अर्देशीर गोदरेज यांनी कुलपे बनवण्याचा कारखाना काढला. शहर वाढत होते, माणसे अनोळखी माणसांच्या शेजारी राहू लागली होती. चाळीत जागल्या नव्हता आणि गावकूसही नव्हते. तेव्हा ओळखीची जागा कुलपाने घेतली.

पुढे मुलांच्या बाबतीत कायदा हळूहळू शहाणा होत गेला. मद्रासने १९२० साली, बंगालने १९२२ साली आणि मुंबई इलाख्याने १९२४ साली मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला. १९२७ साली मुंबईत चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली. स्वातंत्र्यानंतर गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या जमाती विमुक्त ठरल्या. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशी हे नाव आजही आहे. ज्याने गावे राखली, त्याला 'विमुक्त' म्हणवून घ्यावे लागावे, हा इतिहासाचा केवढा उलटा न्याय! १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने संपली. पाटीलकीही वंशपरंपरेची राहिली नाही. १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याखाली आजचा पोलीस पाटील नेमला जातो.

आज मुलांसाठी २०१५ चा बाल न्याय कायदा आहे. अठरा वर्षे पुरी न झालेल्या मुलाने चोरी केली, कुणाची मोटारसायकल पळवली, तरी त्याला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. त्याचे नाव, शाळा, पत्ता छापण्यास मनाई आहे. कुणी म्हणेल, हे फार लाड झाले. पण १८९७ ची गोष्ट आठवा, म्हणजे ही मनाई कशासाठी आहे ते कळेल. एकदा कपाळावर 'चोर' असा शिक्का बसला, की मुलाला दुसरे काही होण्याची वाटच उरत नाही.

अर्थात ज्याचे घर फुटले त्याचे दुःखही खोटे नाही. लेकीच्या लग्नासाठी जमवलेले डाग गेले, किंवा कर्ज काढून घेतलेली मोटारसायकल दारातून गेली, तर त्या घराला नुसती दया शिकवून चालणार नाही. म्हणून राखण हवीच. जुन्या काळी बैलाचा माग खुरांवरून निघे. आज गाडीचा माग इंजिनाच्या आणि चासीच्या नंबरावरून निघतो. ते नंबर घरी वहीत लिहून ठेवावेत. गाडीला किल्ली तशीच लावून 'दोन मिनिटांत येतो' म्हणून जाऊ नये, हँडलचे कुलूप लावावे. पुष्कळदा पोराच्या मनात चोरी नसते, समोर लटकणारी किल्ली त्याला मोहात पाडते. सारे घर जत्रेला किंवा लग्नाला निघाले, तर शेजाऱ्याला सांगून जावे. मागची खिडकी आणि माळवदावरची वाट पाहून घ्यावी. सोने घरात पुरून ठेवण्यापेक्षा बँकेच्या पेटीत ठेवावे. जुनी गाडी घेताना कागद पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत. चोरीचा माल स्वस्त म्हणून घेणारा गिऱ्हाईक आहे, तोवर चोर तयार होतच राहणार.

हे झाले कुलपाचे. आता जागल्याचे पाहू. जुन्या जागल्याजवळ एक गुण होता. तो गावातल्या प्रत्येकाला ओळखत होता. आज ही ओळख कुणाजवळ आहे? गुरुजी, ती तुमच्याजवळ आहे! कोणते पोर आठ दिवस शाळेत आले नाही, कोणाच्या खिशात अचानक पैसे खुळखुळू लागले, कोण मोठ्या पोरांच्या टोळक्यात रात्री फिरते, हे आधी शाळेला कळते. त्या वेळी पोराच्या घरी जाऊन दोन शब्द बोलणे, ही फार मोठी राखण आहे. मात्र एक पथ्य पाळायला हवे. वर्गात काही हरवले, तर अमुक वस्तीवरच्या पोराची झडती आधी घ्यायची, असे कदापि होऊ नये. तसे केले, तर रद्द झालेला १८७१ चा कायदा आपणच आपल्या वर्गात पुन्हा चालू केला, असे होईल.

कुलूप दाराला लावावे, पोराच्या नशिबाला लावू नये. माग चोरीचा काढावा, जातीचा काढू नये. जुन्या गावाने चोरीचा तोटा वाटून घेतला, पण राखणीचा भार मात्र काही घरांवरच टाकला. तो भार आता आपण साऱ्यांनी मिळून उचलायचा आहे.