फड्या निवडुंगाची बोंडे: लागवड, वापर आणि काळजी

"रसाने रक्त वाढते म्हणून लोहाच्या गोळ्या बंद केल्या," असे रुग्ण सांगतात, तेव्हा काळजी वाटते. बोंड जरूर खा, पण ते औषधाची जागा घेत नाही.

फड्या निवडुंग मूळचा अमेरिका खंडातील कोरड्या प्रदेशांतला. आता तो आपल्याकडे माळरानावर, बांधावर सर्रास दिसतो.

बोंडाने रक्त वाढते का?
बोंडाचा गडद लाल रंग लोहाचा नसून बीटसारख्या रंगद्रव्याचा असतो. 100 ग्रॅम फळात लोह साधारणपणे 1 मिलिग्रॅमपेक्षाही कमी असते. गरोदरपणात सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या एका गोळीत ते 60 मिलिग्रॅम असते. मात्र फळातील 'क' जीवनसत्त्व अन्नातील लोह शोषायला मदत करते.

ओळख
फडा तोडल्यावर पांढरा चीक आला, तर तो फड्या निवडुंग नव्हे. त्रिधारी निवडुंग, शेर यांचा चीक विषारी असतो. डोळ्यात गेल्यास किमान 15 मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवा आणि लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

लागवड
फडा कापून सावलीत काही दिवस ठेवा. काप सुकल्यावर पाण्याचा निचरा होणाऱ्या जमिनीत लावा. पाणी बेताचेच द्या. मुले खेळतात तिथे लावू नका.

वापर
- पूर्ण पिकलेले बोंड चिमट्याने तोडा. हात लावू नका.
- बारीक कुसे जाळावर जाळा, मग साल काढा.
- रस दुहेरी फडक्यातून गाळा. कूस राहिल्यास तोंडात, घशात टोचते.
- कठीण बिया भरपूर खाल्ल्यास शौचाला खडा होतो.
- लघवी लालसर होऊ शकते. एक-दोन दिवसांत रंग गेला नाही, तर तपासणी करा.

कातडीत कुसे रुतल्यास चोळू नका. चिकटपट्टी लावून उपटा, उरलेली चिमट्याने काढा.

आधी डॉक्टरांना विचारा
- मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन सुरू असल्यास: साखर जास्त उतरू शकते.
- मूत्रपिंडाचा आजार असल्यास: फळात पोटॅशियम असते.
- गरोदर असल्यास.

थकवा, धाप, फिकटपणा असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. रक्त कशामुळे कमी झाले, हे कळल्याशिवाय उपचार पुरा होत नाही.