वणवा : बागमालकांनी घ्यावयाची खबरदारी

डिसेंबरनंतर कोकणातील व सह्याद्रीच्या उतारांवरील गवत वाळू लागते. वन विभाग 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्यांचा हंगाम मानतो. नेमका हाच काळ काजू आणि हापूसच्या उत्पन्नाचा असतो. कलम फळाला येण्यास काही वर्षे लागतात. ते जळाले तर एका हंगामाचे नव्हे, तर त्या सर्व वर्षांचे नुकसान होते.

कारणे : आपल्याकडे वणवा बहुधा मानवी कृतीतूनच पेटतो. राब भाजताना किंवा बांध जाळताना आग हाताबाहेर जाणे, विडी-सिगारेटचे थोटूक, वीजवाहिन्यांच्या घर्षणाने उडालेल्या ठिणग्या ही नेहमीची कारणे होत. गवत जाळल्यास पुढील वर्षी ते जोमाने येते, हा समजही अनेक ठिकाणी रूढ आहे. प्रत्यक्षात उघड्या पडलेल्या उतारावरील माती पहिल्याच पावसात वाहून जाते.

पड जमिनीचा धोका : मालक मुंबई-पुण्यात आणि जमीन गावी, अशी स्थिती कोकणात सर्वत्र आढळते. अशा जमिनीतील न कापलेले गवत शेजाऱ्याच्या बागेपर्यंत आग पोहोचविते. म्हणून गावी न राहणाऱ्या मालकाने दिवाळीनंतर गवत कापून घेण्याची व्यवस्था करणे आवश्यक ठरते.

जाळरेषा : बागेच्या हद्दीभोवतीचे गवत व पालापाचोळा काढून मोकळा ठेवलेला पट्टा म्हणजे जाळरेषा. आग उताराने वर चढताना वरचे गवत आधीच तापवीत जाते, त्यामुळे तिचा वेग वाढतो. साहजिकच बागेच्या खालच्या बाजूची रेषा अधिक रुंद हवी. वाऱ्याने पाने पुन्हा जमतात, म्हणून ती हंगामात अधूनमधून झाडावी. काढलेला पाला जाळण्याऐवजी त्याचे खत करावे. झाडांच्या जमिनीलगतच्या सुक्या फांद्या छाटल्यास ज्वाळा शेंड्यापर्यंत चढत नाहीत. गवताची उडवी व लाकूडफाटा घरापासून दूर रचावा आणि कौलांवर साचलेली पाने काढावीत.

राब भाजताना : भाजणी वारा पडलेला असताना, सकाळी लवकर करावी. शेजाऱ्यांना आधी कळवावे, पाणी व ओल्या डहाळ्या जवळ ठेवाव्यात आणि निखारे पूर्ण विझेपर्यंत जागा सोडू नये. राखीव वनाला धोका पोहोचेल अशा रीतीने आग पेटविणे किंवा ती तशीच सोडून जाणे हा भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 26 नुसार गुन्हा आहे.

सूचना यंत्रणा : देहरादून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था 2004 पासून उपग्रहांच्या साहाय्याने आगीच्या सूचना देत आहे. मात्र उपग्रह दिवसातून ठरावीक वेळीच एखाद्या भागावरून जातो. मधल्या वेळेत पेटलेली आग प्रथम दिसते ती गावकऱ्यांनाच. त्यामुळे धूर दिसताच वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळविणे आणि वाडीतील बागमालकांनी मिळून सलग जाळरेषा काढणे, हेच उपाय अधिक परिणामकारक ठरतात. एकाच बागेभोवतीची रेषा ती बाग वाचवू शकते. सलग रेषा संपूर्ण डोंगर वाचविते.