शाळांवरील हल्ले व समाजकृत संरक्षण

विद्यार्थी, शिक्षक, शाळेची इमारत अथवा शाळेकडे जाणारा मार्ग यांना लक्ष्य करून केलेल्या हिंसक कृतींना शाळांवरील हल्ले असे म्हणतात. अशा हल्ल्यांचे स्थूलमानाने तीन प्रकार संभवतात : विशिष्ट वर्गाला शिक्षण मिळू नये म्हणून रूढिनिष्ठ समाजाने केलेले हल्ले, सशस्त्र गटांनी राजकीय हेतूने केलेले हल्ले आणि व्यक्तिगत वैर, विकृती वा अधिकाराचा गैरवापर यांतून घडणारे अत्याचार. कायदा व पोलीस यांच्याइतकाच, किंबहुना त्यांच्याही आधी, शाळेच्या भोवतालचा समाज या हल्ल्यांना तोंड देत असतो. महाराष्ट्रात आधुनिक शिक्षणाचा इतिहास पहिल्या प्रकारच्या हल्ल्यांशी निगडित असून, त्यांच्या प्रतिकाराचे सर्वांत उद्‌बोधक उदाहरण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पुणे शहरात आढळते.

पुण्यातील मुलींच्या व अस्पृश्यांच्या शाळा : जोतीराव फुले (१८२७–९०) यांनी १८४८ साली पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई फुले (१८३१–९७) तेथे शिकवू लागल्या. स्त्रीने शिकणे व शिकविणे या दोन्ही गोष्टी तत्कालीन रूढीस मान्य नव्हत्या. शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाला तर धर्मशास्त्राचाच निषेध आहे, असे समजले जाई. विरोधाचा पहिला आघात कुटुंबावर झाला. नातेवाईक व ज्ञातिबांधव यांच्या दडपणामुळे जोतीरावांचे वडील गोविंदराव यांनी १८४९ मध्ये पुत्र व स्नुषा यांना घराबाहेर काढले. शस्त्र न उचलता शाळा बंद पाडण्याचे बहिष्कार हे प्रभावी साधन होते, आणि पुढील काळातही शाळांवरील प्रत्यक्ष हिंसेच्या आधी वा जोडीने ते वापरले गेल्याचे दिसते.

दुसरा आघात वाटेवर झाला. सावित्रीबाई शाळेत जात असताना त्यांच्यावर शेण, चिखल व खडे फेकले जात. त्यामुळे शाळेत गेल्यावर बदलण्यासाठी त्या वेगळे लुगडे जवळ बाळगीत, असे सांगितले जाते. शाळेचे शिपाई बळवंत सखाराम कोल्हे यांच्या आठवणींतून ही माहिती पुढे आली. तीत, वाट अडविणाऱ्या एका गुंडाला सावित्रीबाईंनी थप्पड मारल्याचाही प्रसंग येतो. या आठवणी मागाहून नोंदविल्या गेल्या असल्याने त्यांतील प्रत्येक तपशील समकालीन कागदपत्रांच्या कसोटीवर घासून पाहता येत नाही. तथापि विरोधाचे एकंदर स्वरूप इतर पुराव्यांशी सुसंगत आहे. सावित्रीबाईंनी १८५६ मध्ये नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात, महार-मांगांना शिकविल्याबद्दल भावाने दिलेला दोष व त्यास आपण केलेला युक्तिवाद नमूद केला आहे. त्याच पत्रात फातिमा या सहकारी स्त्रीचा उल्लेख येतो. घरातील माणसाचा विरोध मोडून काढण्यासाठी शांतपणे वाद घालणे हाही संरक्षणाचाच भाग होता, हे या पत्रावरून कळते.

तिसरा आघात प्राणघातक होता. जोतीरावांना ठार मारण्यासाठी रोडे व धोंडीराम नामदेव कुंभार या दोघांना पैशाचे आमिष दाखवून रात्री धाडण्यात आले, अशी हकीकत चरित्रकारांनी दिली असून ती १८५६च्या सुमाराची मानली जाते. या हकीकतीनुसार जोतीरावांशी बोलणे झाल्यावर मारेकऱ्यांचे मतपरिवर्तन झाले. रोडे त्यांचा अंगरक्षक झाला, तर धोंडीराम अभ्यास करून सत्यशोधक विचारांचा प्रचारक बनला. ज्यांना शिक्षणापासून दूर ठेवले गेले, त्यांच्याच हातून शिक्षणावर घाव घालविण्याचा हा प्रयत्न होता, ही बाब विशेष लक्षणीय होय.

संरक्षणाचे स्वरूप : या शाळा टिकल्या त्या कोण्या एका व्यक्तीच्या धैर्यामुळे नव्हे. त्यांच्याभोवती संरक्षणाची चार वर्तुळे उभी राहिली होती, असे म्हणता येईल. पहिले वर्तुळ ज्या वस्तीतील मुले शिकत होती त्या वस्तीचे. पुण्यातील तालमीचे वस्ताद लहुजी साळवे (१७९४–१८८१) यांच्याकडे जोतीराव तरुणपणी दांडपट्टा व नेमबाजी शिकले होते. लहुजी व राणबा महार यांनी आपापल्या वस्त्यांतून मुले शाळेत आणण्यास साहाय्य केले. तालमीचा दरारा असलेल्या माणसाने शाळेची बाजू घेणे याला त्या काळी वेगळे मोल होते. शाळेस जाणाऱ्या मुलाच्या पाठीशी कोण उभे आहे, हे त्यामुळे सर्वांना ठाऊक होई.

दुसरे वर्तुळ उच्चवर्णीय सहकाऱ्यांचे. सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर, सखाराम यशवंत परांजपे प्रभृती मंडळींनी शाळांच्या व्यवस्थेत भाग घेतला. केशव शिवराम भवाळकर यांनी सावित्रीबाईंच्या पुढील अध्ययनास हातभार लावला. ३ जुलै १८५१ रोजी चिपळूणकर वाड्यात, १७ सप्टेंबर १८५१ रोजी रास्ता पेठेत व १५ मार्च १८५२ रोजी वेताळ पेठेत मुलींच्या शाळा सुरू झाल्या. विरोध करणाऱ्या समाजातीलच काही घटक शाळेच्या बाजूने उभे राहिल्याने विरोधाची एकजूट खिळखिळी झाली.

तिसरे वर्तुळ शासनाचे. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा सरकारतर्फे शालजोडी देऊन सत्कार झाला. दक्षिणा निधीतून शाळांना साहाय्य मिळू लागले. परकीय सत्तेचा हा आश्रय मर्यादित असला, तरी शाळा ही राजमान्य संस्था आहे असा संदेश त्यामुळे गेला. चौथे वर्तुळ लोकमताचे. या शाळांच्या परीक्षा बंद दाराआड न घेता सार्वजनिक रीत्या घेतल्या जात आणि त्या पाहण्यास मोठा जनसमुदाय लोटे. शाळेत काय चालते हे डोळ्यांनी पाहिल्यावर अफवांना आधार उरत नसे. मुक्ता या मांग समाजातील विद्यार्थिनीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध ज्ञानोदय या नियतकालिकात १८५५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा शाळेच्या समर्थनार्थ खुद्द विद्यार्थिनीच बोलू लागली.

ग्रामीण भागातील अनुभव : शहरातील यश खेड्यात सहजासहजी आले नाही. १८५६ मध्ये तत्कालीन मुंबई इलाख्यातील धारवाड येथे एका महार मुलाला सरकारी शाळेत प्रवेश नाकारण्यात आला. सरकारी खर्चाच्या शाळा सर्वांस खुल्या असाव्यात हे तत्त्व पुढे मान्य झाले, तरी ते अमलात आणण्याचा भार बहुतेक वेळा दुर्बल पालकांवरच पडला. गुजरातमधील खेडा जिल्ह्यात अस्पृश्य मुलांना प्रवेश दिल्यावरून शाळा ओस पडल्याच्या आणि मुलांना शाळेत धाडणाऱ्यांच्या झोपड्या व उभी पिके जाळण्यात आल्याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सरकारी शिक्षणविषयक कागदपत्रांत सापडतात. येथे हल्ला शाळेवर न होता विद्यार्थ्याच्या घरावर व पोटावर झाला. संरक्षणाचा विचार शाळेच्या भिंतीपाशी थांबवता येत नाही, हा यातून मिळणारा धडा होय.

विसाव्या शतकात भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले (जि. सातारा) येथे स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने या प्रश्नाला वेगळे उत्तर दिले. १९२४ मध्ये सातारा येथे त्यांनी सुरू केलेल्या वसतिगृहात निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहत व एका पंक्तीस जेवत. गावोगावचे लोक धान्य व श्रम देऊन अशा संस्थांचे भागीदार झाले. जी शाळा गावाने स्वतः उभारली, तिच्यावर हात उगारणे गावातील कोणालाही अवघड जाते.

इतर देशांतील उदाहरणे : पुण्याच्या अनुभवाशी अमेरिकेतील कॅंटरबरी (कनेक्टिकट) येथील शाळेची तुलना बोधप्रद आहे. प्रूडन्स क्रँडल या शिक्षिकेने १८३३ मध्ये तेथे कृष्णवर्णीय मुलींसाठी शाळा सुरू केली. दुकानदारांनी माल देणे बंद केले, विहिरीत घाण टाकण्यात आली, राज्याने शाळेविरुद्ध कायदा केला व शिक्षिकेस एक रात्र तुरुंगात काढावी लागली. ९ सप्टेंबर १८३४ रोजी जमावाने रात्री शाळेच्या खिडक्या फोडल्या आणि त्यानंतर शाळा बंद झाली. दोन्ही ठिकाणी शिक्षिकेचे धैर्य सारखेच होते. मात्र कॅंटरबरीत शेजारी व शासन दोघेही विरोधात गेले. पुण्यात शेजारातील एक भाग व शासन शाळेच्या बाजूस राहिले. तो कायदा १८३८ मध्ये रद्द झाला, परंतु शाळा पुन्हा उघडली नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून शस्त्रधारी व्यक्ती व गट यांच्या हल्ल्यांनी या विषयाला निराळे वळण दिले. स्कॉटलंडमधील डनब्लेन येथे १९९६ मध्ये सोळा मुले व त्यांची शिक्षिका मारली गेली. पालकांच्या चळवळीनंतर ब्रिटनमध्ये खाजगी पिस्तुलांवर कडक निर्बंध आले. रशियातील बेस्लान (२००४) व पाकिस्तानातील पेशावर (२०१४) येथील शाळांवरील हल्ल्यांत मोठी प्राणहानी झाली. अशा घटनांनंतर तटबंदी व पहारा यांवर भर दिला जातो. तो आवश्यक असला, तरी केवळ त्यानेच भागत नाही. कारण शाळेतील मुलांना धोका पुष्कळदा आतील वा परिचित माणसापासूनच असतो.

महाराष्ट्रातील सांप्रतची व्यवस्था : ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर (जि. ठाणे) येथील एका शाळेत दोन लहान मुलींवर तेथील सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचे उघडकीस आले. २० ऑगस्ट रोजी संतप्त नागरिकांनी रेल्वेमार्ग रोखून धरला आणि मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. लोकक्षोभाने प्रश्नाकडे लक्ष वेधले गेले. परंतु तो घटनेनंतर प्रकटतो. मुलीचे म्हणणे पहिल्याच दिवशी ऐकून घेणारी यंत्रणा हे त्याआधीचे, आणि म्हणून अधिक महत्त्वाचे, संरक्षण होय. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या अधिनियमानुसार अशा अपराधाची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. शाळेची प्रतिष्ठा जपण्यासाठी ती दडपणे हाही अपराधच ठरतो. शिक्षणहक्क अधिनियम, २००९ अन्वये स्थापन होणाऱ्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. शासनाने २०२२ मध्ये शाळास्तरावर सखी सावित्री समित्या स्थापण्याचे ठरविले. वाटेवर अवमान सोसणाऱ्या शिक्षिकेचे नाव या समित्यांना दिले जाणे औचित्यपूर्ण आहे.

समित्या कागदावर राहिल्या तर त्यांचा उपयोग नाही, हे विशेषतः डोंगरी भागात जाणवते. पुणे जिल्ह्याच्या भोर-वेल्हे परिसरात वाड्या-वस्त्या विखुरलेल्या असून, नसरापूर-वेल्हे रस्त्यावरील मार्गासनीसारख्या गावांच्या आसपासची मुले पायी किंवा एस. टी. ने शाळा गाठतात. अशा ठिकाणी पोलीस ठाणे दूर असते. जवळ असतात ते पोलीस पाटील, सरपंच, शिक्षक, एस. टी. चा वाहक व वाटेवरचे दुकानदार. मुले एकटी न पाठविता घोळक्याने पाठविणे, बस वेळेवर न आल्यास ती कोठे थांबली आहेत हे कोणीतरी पाहणे, शाळेत न पोहोचलेल्या मुलाची त्याच दिवशी घरी चौकशी करणे, या साध्या गोष्टींतून सुरक्षितता निर्माण होते. ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली मिळणारा एस. टी. चा मोफत प्रवास हाही या दृष्टीने संरक्षणाचाच उपाय आहे. कारण शाळेची वाट असुरक्षित झाली, की प्रथम मुलीचेच शिक्षण थांबते.

मूल्यमापन : शाळांवरील हल्ल्यांच्या इतिहासावरून असे दिसते, की हल्लेखोराचा खरा रोख इमारतीपेक्षा शाळेत येण्याच्या निश्चयावर असतो. म्हणून दुसऱ्या दिवशी शाळा भरणे, विद्यार्थ्याने पुन्हा वर्गात येणे व त्याच्या घरच्यांना एकटे न पडू देणे ही प्रतिकाराची कसोटी ठरते. पहारा, कायदा व शिक्षा यांचे स्थान निर्विवाद आहे. तथापि ही साधने समाजाच्या इच्छेवाचून दुबळी पडतात. भिडे वाड्याची जीर्ण वास्तू २०२३ मध्ये स्मारकासाठी उतरविण्यात आली. तेथील शाळेचे टिकाऊ संरक्षण मात्र तिच्या भिंतींनी केले नव्हते. मुलींना हात धरून वर्गापर्यंत आणणाऱ्या माणसांनी ते केले होते.