डॅनिश निशाणाखालचे मराठी गद्य

मराठी गद्याचा इतिहास शिकवताना आम्ही एक सोयीची रेषा ओढत आलो : १८१८ साली पेशवाई बुडाली, मुंबईत शाळापुस्तके निघू लागली आणि अर्वाचीन गद्य सुरू झाले. त्याआधीच्या श्रीरामपूर छापखान्याची बोळवण एका परिच्छेदात होते. हे श्रीरामपूर अहिल्यानगर जिल्ह्यातले, असा समज वर्गात सहज होतो. ते आहे बंगालमध्ये, हुगळीच्या काठी. आणि १७५५ पासून तेथे डॅनिशांची वखार होती. तिचे नाव फ्रेडरिक्सनगर.

ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. विल्यम कॅरे १७९३ साली बंगालमध्ये आला, तो निळीच्या कारखान्यावर नोकरी करून राहिला. १७९९ साली आलेल्या त्याच्या सहकाऱ्यांना डॅनिश गव्हर्नर ओले बी याने आश्रय दिला; जानेवारी १८०० मध्ये कॅरेही तेथे गेला आणि छापखाना उभा राहिला. या औदार्याचे फार कौतुक करण्याचे कारण नाही. युरोपातल्या युद्धांत तटस्थ राहून व्यापार साधणे हे त्या लहान राज्याचे धोरण होते, आणि कॅरिबियन बेटांवरील त्याचा गुलामांचा व्यापार कायद्याने थांबला तो १८०३ साली. तरीही या आश्रयाविना मराठीचा आरंभीचा छापील संसार तेथे मांडला गेला नसता.

या संसारातला कर्ता पुरुष मात्र नागपूरचा. फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरे मराठी शिकवी; तेथील मराठीचे पंडित होते वैजनाथ शर्मा. १८०५ चे मराठी व्याकरण आणि १८१० चा मोडी लिपीतला कोश कॅरेच्या नावावर आहेत. कोशाच्या प्रस्तावनेत पंडितांचे ऋण मान्य केलेले आहे. पुढे ‘सिंहासनबत्तिशी’ (१८१४), ‘हितोपदेश’ (१८१५) आणि रामराम बसू यांच्या बंगाली ग्रंथावरून केलेले प्रतापादित्याचे चरित्र (१८१६) निघाले. १८१६ सालीच ‘रघुजी भोसल्याची वंशावळी’ही छापली गेली.

या वंशावळीपाशी आम्ही थबकतो. १८०३ च्या देवगावच्या तहाने दुसऱ्या रघुजींच्या हातून कटक गेले होते. १८१६ साली ते वारले आणि पुढच्याच वर्षी सीताबर्डीची लढाई झाली. ज्यांना मराठी राज्यांशी व्यवहार करायचा होता, त्या कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांसाठी कॉलेजातले मराठीचे शिक्षण होते. एका नागपूरकराची विद्या नागपूरचे राज्य गिळणाऱ्यांच्या उपयोगी पडली, हे कटू असले तरी नाकारता येत नाही. पण म्हणून त्या विद्येचे मोल शून्य ठरवावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. पंडिताने भाषा शिकवली. तिचा वापर कोणी कशासाठी करावा, हे ठरवणे त्याच्या हाती नव्हते.

ही परंपरा पुढे खुंटली. कॅरेने व्यवहारातली म्हणून मोडी निवडली. मुंबईकडच्या मुद्रणात मात्र बाळबोध रुजली. १८३१ साली मोल्सवर्थचा कोश आला आणि आधीचा कोश मागे पडला. पुण्या-मुंबईची भाषा प्रमाण ठरल्यावर पूर्वेकडच्या या प्रयत्नांना ‘बाल्यावस्था’ म्हणणे सोपे गेले. आम्हीही तेच म्हणत आलो, आणि तेही नागपुरात बसून.

डेन्मार्कने १८४५ साली श्रीरामपूर इंग्रजांना विकले. मात्र आपल्या त्या लहानशा वसाहतीची आठवण त्याने टाकली नाही. तेथील सेंट ओलाव्ह चर्चच्या जीर्णोद्धारात कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयाने सहभाग घेतला आणि २०१६ साली त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. आमच्या वाट्याला दगडविटांची इमारत नाही. एका पंडिताचे नाव आणि मोडीतली काही पुस्तके आहेत. ती वाचण्यासाठी वर्गात मोडी शिकवावी लागेल. आरंभ तेवढ्यानेही होऊ शकतो.