'इन्टेन्सिफाय'ची जन्मकथा

जोर वाढवणे, धार चढवणे या अर्थाच्या क्रियापदांची इंग्रजीत आज वाण नाही. तरीही 'इन्टेन्सिफाय' हे क्रियापद कोलरिजने योजले ते शब्दाच्या अभावापोटी. 'बायोग्राफिया लिटरारिया'च्या (१८१७) एका तळटीपेत तो कारणे देतो : हा शब्द जॉन्सनच्या कोशात नाही, न्यूटनने या अर्थी वापरलेल्या 'इन्टेन्ड'ला आता निराळाच अर्थ चिकटला आहे, आणि 'तीव्र करणे' अशी फोड केली तर वाक्य मोडते, शब्दक्रम व विचारक्रम यांचा मेळ सुटतो. नवा शब्द आपल्याच कानाला ओबडधोबड लागतो, हेही तो मान्य करतो. नामापासून 'बळावणे' घडवणाऱ्या मराठीत आम्ही मात्र अनुवाद करताना 'तीव्र करणे'वरच थांबतो. कोलरिजला खुपलेली ती फोड आम्हांला का खुपत नाही?